एका जिज्ञासेचे चरित्र

थोर शास्त्रज्ञांची चरित्रे वाचताना वाचकाचे लक्ष बहुधा पदव्या आणि मानसन्मान यांकडे वेधले जाते. परंतु काही चरित्रांत आढळते ती केवळ एक जिज्ञासा. बालपणी जागी झालेली आणि अखेरपर्यंत न विझलेली. मारिया सिबिला मेरियान या जर्मन विदुषीचे चरित्र या जातीचे आहे.

मेरियानबाईंचा जन्म १६४७ साली फ्रांकफुर्ट येथे झाला. वडील नामांकित खोदचित्रकार व प्रकाशक होते; पण त्यांचे छत्र लवकरच हरपले. फुलांची चित्रे काढणाऱ्या सावत्र वडिलांकडून त्या चित्रकला शिकल्या. विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंदच होते. तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाचे किडे पाळले, आणि मग हाती लागेल तो सुरवंट. कोणता सुरवंट कोणते पान खातो, कोशात केव्हा जातो, कोशातून काय बाहेर पडते, याची टाचणे त्या ठेवू लागल्या. किडे चिखलातून आपोआप उपजतात, असे तेव्हा पुष्कळ सुशिक्षितही मानीत असत. बाईंनी वादविवाद केला नाही. त्या पाहत राहिल्या.

पुढे विवाह झाला, दोन मुली झाल्या. घरसंसार सांभाळून त्यांनी १६७९ साली सुरवंटांवरील पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुरवंट, कोश, पतंग आणि त्यांची अन्नवनस्पती ही सारी एकाच चित्रात दाखविण्याची त्यांची रीत होती. कीटकाचे जीवन वनस्पतीपासून तोडून समजत नाही, हे त्यातून आपोआपच सिद्ध झाले. कालांतराने त्या पतीपासून विभक्त झाल्या. काही वर्षे एका धर्मपंथाच्या वसाहतीत राहून त्या मुलींसह ॲमस्टरडॅमला आल्या. संसाराची घडी विसकटली. पण निरीक्षणाची वही मिटली नाही.

१६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून त्यांनी पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीकडे प्रयाण केले. तेथील मळेवाल्यांना उसावाचून दुसरे काही दिसत नव्हते. किडे शोधणाऱ्या या बाईंची ते थट्टा करीत. बाईंनी मात्र तेथील गुलाम स्त्रियांकडून वनस्पतींची माहिती मिळविली. आपल्याकडे अंगणात शोभेसाठी लावतात त्या शंकासुराचेही चित्र त्यांच्या ग्रंथात आहे. आपले मूल गुलामगिरीत जन्मू नये म्हणून या झाडाच्या बियांनी गर्भपात करीत असल्याचे त्या स्त्रियांनी स्वतः सांगितले, अशी नोंद बाईंनी त्यासोबत केली. सुंदर फुलामागचे हे दुःख त्यांनी झाकून ठेवले नाही.

तापाने जर्जर होऊन त्या १६०१ नव्हे, तर १७०१ साली परतल्या. १७०५ साली साठ चित्रांचा सुरिनामविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे लिनियसनेही त्यांच्या चित्रांचा आधार घेतला. त्यांत काही चुका होत्या, हे खरे. परंतु जे खरे होते तेही नाकारले गेले. पक्षी खाणारा कोळी त्यांनी रंगविला होता. एकोणिसाव्या शतकातील काही पंडितांनी ती कपोलकल्पना ठरविली. अखेर हेन्री बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या अरण्यात तसाच कोळी पाहिला आणि १८६३ साली ते प्रसिद्ध केले. तोवर बाईंच्या निधनास जवळजवळ दीड शतक लोटले होते.

१७१७ साली त्या निवर्तल्या. संपत्ती अशी मागे उरली नव्हती. पण सुरवंटांवरील ग्रंथाचा तिसरा भाग धाकट्या मुलीने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. आईचे डोळे मिटले, तरी पाहणे थांबले नव्हते.

अशी चरित्रे वाचून भारावून जाणे सोपे असते. परंतु परसातील लिंबोणीच्या पानांवर सुरवंट दिसताच तो झटकून न टाकता, याचे पुढे काय होते, असे एखाद्या मुलीने विचारले आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तिला ते पाहू दिले, तर मेरियानबाईंचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.