तेलविहिरीचा चिखल

तेलाची विहीर म्हटली कीं, जमिनीखालीं तेलाचें एखादें तळें भरलेलें असावें, असें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. वस्तुस्थिति निराळी आहे. तेल बहुधा वालुकाश्मांत, म्हणजे वाळूचे कण एकमेकांस चिकटून झालेल्या दगडांत, मुरलेलें असतें. हा दगड मातीच्या माठासारखा सच्छिद्र. ज्या छिद्रांमुळें तो तेल देतो, त्याच छिद्रांनीं तो विहीर खणणाऱ्यांचा चिखलहि गिळतो.

हा चिखल कशासाठीं? पोकळ नळ्यांच्या टोकाशीं पोलादी गिरमिट बसवून तें फिरवीत खोल भोंक पाडतात. नळ्यांतून पंपानें सोडलेला पातळ चिखल तळाशीं बाहेर पडतो आणि दगडाचा चुरा घेऊन नळ्यांच्या बाहेरून वर येतो. शिवाय आपल्या वजनानें तो खालच्या वायूस व तेलास दाबून धरतो.

अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत स्पिंडलटॉप नांवाच्या टेकाडावर 1900 सालीं कॅप्टन अँथनी ल्यूकस यांच्यासाठीं हॅमिल बंधु विहीर खणीत होते. वाटेंत भुसभुशीत वाळूचे थर लागले. नुसतें पाणी सोडावें, तर तें वाळूंत जिरे आणि भोंकाच्या भिंती ढासळत. तेव्हां त्यांनीं खड्ड्यांत पाणी भरून त्यांत गुरें फिरविलीं व तुडवून झालेला चिखल विहिरींत सोडला, अशी हकीकत सांगतात. भिंती सावरल्या. तेल सांपडलें तें वाळूच्या खालच्या निराळ्या दगडांत. पण तेथवर पोंचविलें तें चिखलानें. 10 जानेवारी 1901 रोजीं आधीं चिखल, मग वायु आणि मग तेल उसळलें. तो लोट आवरण्यास 9 दिवस लागले.

चिखलाची युक्ति साधी आहे. पाणी छिद्रांत शिरतें, मातीचे कण मात्र तोंडाशीं अडकतात व भिंतीवर पातळ लेप बसतो. मातीची भिंत सारवावी तसाच हा प्रकार. म्हणजे आरंभीं थोडा द्रव गमावल्यावांचून भिंत बंद होत नाहीं. द्रव किती पाझरेल हें तपासण्यासाठीं चिखल गाळणकागदावर दर चौरस इंचास 100 पौंड दाबाखालीं 30 मिनिटें ठेवून गळालेलें पाणी मोजतात.

परंतु छिद्रें फार मोठीं असलीं, दगडास भेगा असल्या किंवा जड चिखलाच्या दाबानें तो फुटला, तर लेप बसत नाहीं. हौदांतील पातळी झपाट्यानें उतरते. विहिरींतील चिखलाचा स्तंभ खचला कीं दाब घटतो, कोंडलेला वायु वर धांवतो, आणि एका ठिणगीनें माणसांच्या जिवावर बेततें. म्हणून हौदावर सतत नजर असते. गळती दिसतांच चिखलांत अभ्रकाचे पापुद्रे, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा किंवा तंतु मिसळून भेगा बुजवितात.

दुसरें नुकसान मूकपणें होतें. वालुकाश्मांत कांहीं जातीची चिकण माती असते; गोडें पाणी लागतांच ती फुगते आणि तेलाच्या वाटा कायमच्या बुजतात. विहीर सुखरूप पुरी होते, पण तेल हात राखून देते. यासाठीं तेलाच्या थरांत पोहोंचतांना चिखलांत पोटॅशियम क्लोराइड घालतात. तसेंच छिद्रांच्या मापाची चुनखडीची पूड वापरतात, कारण तिचा लेप पुढें अम्लानें विरघळवितां येतो.

खणतांना जी भिंत पक्की लिंपावयाची, तीच तेल काढतांना मोकळी व्हावयास हवी. हें दुसरें काम आधींच ध्यानांत ठेवून जो चिखल कालवितो, त्याचीच विहीर भरपूर देते.