आर्मेनियन जनतेच्या इतिहासाचा बोध

(अड्याळ येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आर्मेनिया हा अड्याळपासून फार दूरचा देश आहे. परंतु ज्या वस्तूच्या व्यापारामुळे त्या देशाची माणसे हिंदुस्थानात आली, ती वस्तू भंडारा जिल्ह्याला परकी नाही. ती वस्तू म्हणजे रेशीम. आंधळगावच्या कोसा विणणाऱ्या कोष्ट्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही, ती ही की धागा काढणारा एक असतो, विणणारा दुसरा असतो आणि नफा तिसऱ्याच्याच पेटीत जातो. आर्मेनियन लोकांच्या इतिहासाकडे याच दृष्टीने पाहिले, तर एका छोट्या समाजाच्या वैभवाचा आणि सर्वनाशाचा उलगडा होऊ लागतो.

तुर्की आणि इराणी या दोन साम्राज्यांच्या सीमेवर आर्मेनियाचा डोंगराळ मुलूख पसरलेला होता. १६०४ मध्ये तुर्की फौजा चालून येत असता इराणच्या शाह अब्बासने आरस नदीकाठची गावे उजाड करून तेथील प्रजा सक्तीने इराणात हाकलून नेली. शत्रूला धान्य व निवारा मिळू नये, हा त्यातील लष्करी हेतू होता. आणि जुल्फा नगरीचे कुशल रेशीम व्यापारी आपल्या राजधानीजवळ यावेत, हा आर्थिक हेतू होता. नदी ओलांडताना आणि वाटेत असंख्य माणसे मेली. जी वाचली त्यांतील व्यापाऱ्यांना इस्फहानलगत नवे जुल्फा वसवून देण्यात आले. विस्थापितांच्या या वसाहतीने पुढील शंभर वर्षांत इराणच्या कच्च्या रेशमाचा व्यापार युरोपपर्यंत नेला.

याच व्यापाऱ्यांच्या पेढ्या आग्रा, सुरत, चिन्सुरा, कलकत्ता आणि मद्रास येथे निघाल्या. १६८८ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने खोजा पानोस कलंतर यांच्याशी लंडनमध्ये करार केला. कंपनीच्या वसाहतींत आर्मेनियनांना इंग्रजांच्या बरोबरीचे हक्क मिळतील आणि जेथे त्यांची चाळीस माणसे राहतील तेथे कंपनी स्वखर्चाने प्रार्थनामंदिर बांधून देईल, असे त्यात मान्य करण्यात आले. हे औदार्य नव्हते. खुष्कीच्या मार्गाने जाणारा माल कंपनीच्या जहाजांवर चढावा, एवढाच त्यातील हिशेब होता. १७१५ मध्ये कंपनीचे शिष्टमंडळ बादशहा फर्रुखसियरच्या दरबारी पोचले, तेव्हा त्यात खोजा सरहद हा आर्मेनियन व्यापारी होता. दरबारची भाषा व रीतिरिवाज इंग्रजांना अद्याप अपरिचित होते. पुढे कंपनीचे पाय घट्ट रोवले गेले आणि मध्यस्थांची गरज संपली. फ्रेंचांकडून मद्रास परत मिळाल्यावर १७४९ मध्ये तेथील गोऱ्या वस्तीत राहण्यावर आर्मेनियनांना निर्बंध घालण्यात आले. बरोबरीचा करार जेमतेम एकसष्ट वर्षे टिकला.

मुंबईच्या कोट भागात १७९६ मध्ये उभारलेले सेंट पीटरचे आर्मेनियन चर्च आणि शेजारची आर्मेनियन लेन एवढीच या इतिहासाची महाराष्ट्रातील ठळक खूण होय. नाव उरले, परंतु समाज जवळजवळ उरला नाही.

तथापि या व्यापाऱ्यांनी केवळ पैसाच कमावला असे नव्हे. मद्रासमध्ये शहामीर शहामिरियान यांनी छापखाना घातला आणि स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावर १७७३ हे साल आहे. निवडून आलेली सभा आणि सर्वांवर कायद्याचे राज्य, ही त्याची भूमिका होती.  १७९४ मध्ये जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदरार’ मद्रासलाच निघाले. एका परागंदा समाजाने आपल्या मायभूमीची घटना हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर बसून लिहावी, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती.

परंतु जिच्यासाठी ती घटना लिहिली गेली, ती जनता मद्रासमध्ये नव्हती. ती अनातोलियाच्या खेड्यांत जमीन कसत होती. सारा भरत होती आणि सशस्त्र टोळ्यांकडून लुटलीही जात होती. पेढीवाल्याची दौलत हुंडीबरोबर देशोदेशी फिरू शकते. शेतकऱ्याची दौलत जमिनीत असते, ती त्याला पाठीवर घेऊन पळता येत नाही. १८७८ च्या बर्लिन तहात युरोपीय सत्तांनी या प्रांतांत सुधारणा घडवून आणण्याची हमी घेतली. तिचा परिणाम उलटाच झाला. सुधारणा झाल्या नाहीत आणि परकीयांचे हस्तक म्हणून आर्मेनियनांवर संशय मात्र वाढला. १८९४ ते १८९६ या काळात मोठ्या कत्तली झाल्या.

पहिल्या महायुद्धात २४ एप्रिल १९१५ रोजी राजधानीतील आर्मेनियन लेखक, शिक्षक आणि पुढारी यांची धरपकड झाली. प्रथम बोलणारी माणसे नाहीशी करण्यात आली. त्यानंतर गावेच्या गावे सिरियाच्या वाळवंटाकडे चालविण्यात आली. बहुतेक इतिहासकारांच्या मते मृतांची संख्या दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. त्याच वर्षी ‘सोडून दिलेल्या मालमत्ते’विषयी कायदा करण्यात आला. ज्यांना संगिनीच्या टोकावर हाकलले, त्यांनी घरे ‘सोडून दिली’ असे कागदोपत्री ठरले आणि त्यांची शेते व दुकाने इतरांच्या नावावर चढली. द्वेषाला मालमत्तेचा लोभ मिळाला म्हणजे त्याला हात किती सहज लाभतात, याचा हा धडा आहे.

या इतिहासाचा आपल्याकडे धर्माधर्मांत तेढ वाढविण्यासाठी उपयोग करण्याचा मोह काहींना होईल. त्याला उत्तर त्याच इतिहासात आहे. कोन्याचा तुर्की गव्हर्नर जलाल बे याने हद्दपारीचे हुकूम पाळण्याचे नाकारले व त्यापायी पद गमावले. वाचलेल्या हजारो निर्वासितांना आसरा मिळाला तो सिरिया व लेबनॉनच्या अरब शहरांत. गुन्हा एका राजवटीचा व तिच्या उन्मत्त राष्ट्रवादाचा होता; तो एखाद्या धर्माच्या माथी मारणे म्हणजे मारेकऱ्यांचेच तर्कशास्त्र स्वीकारणे होय.

बड्या राष्ट्रांचे वर्तन पुढेही बदलले नाही. १९२० च्या सेव्हरच्या तहात स्वतंत्र आर्मेनियाला मान्यता मिळाली. १९२३ च्या लोझानच्या तहात आर्मेनियाचा उल्लेखही उरला नाही. दरम्यान १९१८ मध्ये जन्मलेले छोटे प्रजासत्ताक १९२० अखेर सोव्हिएत सत्तेखाली गेले. तेथे शाळा व कारखाने आले. त्याचबरोबर १९३७ च्या दडपशाहीत त्या भाषेचे उत्तम लेखकही बळी पडले. समाजवाद्यांनी या दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगितल्या पाहिजेत. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या लष्करी कारवाईनंतर नागोर्नो-काराबाखमधील एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांतच घरदार सोडून निघून गेले. शांततेची हमी देणारे रशियन सैनिक तेव्हा तेथेच होते.

यातून निघणारा निष्कर्ष कटू आहे. संपत्तीने या समाजाला वाचविले नाही आणि परकीय हमीनेही नाही. छोट्या समाजाला वाचविते ते कायद्यापुढील समान नागरिकत्व आणि अन्याय होताना शेजाऱ्याने दिलेली साथ. यांपैकी पहिली गोष्ट राज्यघटना देऊ शकते, दुसरी मात्र माणसांनाच उभी करावी लागते.

भंडारा जिल्ह्याला विस्थापनाची ओळख आहे. पूर्वी याच जिल्ह्यात मोडणाऱ्या गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाखाली पवनी परिसरातील गावे गेली. धरणग्रस्तांची गोष्ट आणि वंशसंहार यांची तुलना करणे अनुचित ठरेल. एक विकासाच्या नावाने झालेले स्थलांतर आहे आणि दुसरे हेतुपुरस्सर केलेले निर्मूलन. परंतु ‘घर कोणाचे होते, कागदावर काय लिहिले गेले आणि मोबदला कोणी उचलला’ हे प्रश्न दोन्हीकडे विचारावे लागतात. ज्या कार्यकर्त्याला तलाठ्याच्या दप्तरात एका विधवेचे नाव लागावे म्हणून चार खेपा घालाव्या लागतात, त्याला १९१५ च्या त्या कायद्याचा अर्थ कोणत्याही प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. अशा नोंदी राखणे, त्या वाचता येणे आणि शेजाऱ्याचे नाव त्यांतून खोडले जात असता आवाज उठविणे, हे काम लहान दिसते. परंतु समान नागरिकत्व प्रत्यक्षात उतरते ते याच कामातून.