ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स

मी मंगरूळपीरचा. नोकरीनं सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि नादानं जुन्या बंदुकांचा. हे असं सांगितलं की समोरचा एकतर जरा मागे सरकतो, नाहीतर जवळ येऊन हळूच विचारतो, "भाऊ, कट्टा पाह्यला का कधी?" म्हणून आधीच सांगून टाकतो: कट्ट्यात मला काडीचा रस नाही. कमरेला पिस्तूल खोचून रील टाकणाऱ्यांमध्ये तर त्याहून नाही. माझा जीव अडकलाय तो ठासणीच्या बंदुकीत, जी रीलमध्ये बसतच नाही, कारण तिचा एक बार भरेपर्यंत रील संपते.

तुमच्यातले बरेच जण बीजीएमआय खेळत असतील. त्यातली कार-९८ आठवा. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करावा लागतो म्हणून पोरं वैतागतात. ती मूळ रचना १८९८ची. आमच्या घरातल्या ठासणीचं तंत्र तिच्याही आधीचं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. तिच्यात काडतूस नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजानं ठासायचं. मागच्या बाजूला बारीक भोकाच्या निपलवर टोपी बसवायची. घोडा मागे ओढायचा. चाप दाबला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. सरावाच्या माणसालाही यात मिनिटभर जातं. तोवर रोही दुसऱ्याच्या वावरात पोचलेला असतो.

इंजिनिअर म्हणून मला हे यंत्र का आवडतं सांगू? काहीच झाकलेलं नाही. आमच्या कोडमधली चूक शोधायला कधी आठवडा जातो. इथे बार फुसका निघाला तर कारणं दोन-तीनच: टोपी गेली, भोक बुजलं किंवा दारू सर्दावली. बाकी लाकूड आणि लोखंड.

आणि ही बंदूक आपल्या बोलण्यात किती मुरलीय बघा. एखादी गोष्ट आपण 'ठासून' सांगतो. पुढाऱ्याचं भाषण 'फुसका बार' ठरतं. पत्रकार प्रश्नांच्या 'फैरी' झाडतात. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची सवय तर आपल्याकडे घरोघरी. 'बंदूक' शब्दाच्या मुळाशी अरबी 'बुंदूक' आहे, म्हणजे हेझलनट, त्यावरून बारीक गोळी. काडतूस आणि पिस्तूल हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. माल बाहेरून आला, वाक्प्रचार मात्र आपले.

आता मुद्दा. एवढं जुनं हत्यार एकविसाव्या शतकात वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी कशासाठी? हौस म्हणून नाही. कायद्यानंच ते तिथं ठेवलंय.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणाराही कायदा आला होता. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांत गेला, हत्यारांचा राहिला. युरोपीय माणसाला सूट आणि आपल्याला लायसन्स, असा तो मामला. स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्र कायदा झाला. त्याच्या कलम १३ मध्ये एक गंमत आहे, गंमत म्हणजे माझ्यासारख्याला. तिथं चक्क लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी बिनआट्यांच्या नळीची बंदूक द्यावी. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती सगळ्यात संथ हत्यार. राज्याच्या बाजूनं विचार केला तर हे शहाणपणाचं आहे. ठासणीनं एका माणसाला गावावर दहशत बसवता येत नाही. पहिल्या बारानंतर तो मिनिटभर निहत्थाच असतो.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. आमच्याकडे एका अंगाला काटेपूर्णा अभयारण्य, दुसऱ्या अंगाला कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य, मधे सोयाबीन, तूर आणि हरभरा. रोही आणि रानडुकरं येतात ती रात्री. सोयाबीन उभं असतं पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात दारू सर्दावते. गरज असते तेव्हाच बंदूक आजारी. त्यात निवडणूक लागली की लायसन्सवाल्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. २०२४ला लोकसभा आणि विधानसभा, अशी दोनदा आमची ठासणी पावती घेऊन ठाण्यात जाऊन बसली. त्यातली विधानसभा नोव्हेंबरात, तूर फुलोऱ्यात असताना. कोकणात हीच तक्रार माकडं आणि डुकरांवरून ऐकू येते.

शिवाय बंदुकीचं लायसन्स म्हणजे जनावर मारायचं लायसन्स नव्हे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाची नासधूस करणारं जनावर मारायचं तर कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते. मग ठासणी रात्री करते काय? आवाज. आमचे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांच्या नावावर आमचं लायसन्स आहे, ते कित्येक वर्षं नुसती दारू ठासून कोरा बार काढत आले. मी विचारलं, छर्रा नसताना काय उपयोग? तर म्हणाले, "रोह्याले माहीत हाय का, छर्रा हाय का नाही?"

आवाजच हवा असेल तर आता रात्रभर भोंगा लावता येतो, झटका मशीन बसवता येते. पण पैसे नसलेला किंवा घाईला आलेला माणूस कुंपणाच्या तारेत सरळ लाईनचा करंट सोडतो. त्यात वाघ मेल्याच्या बातम्या विदर्भात आपण वाचतो आणि माणसं मेल्याच्याही. दुसरा प्रकार कार्बाइड गन. माकडं-डुकरं पळवायला पाइपाची केलेली ही युक्ती व्हिडिओ बघून पोरांनी दिवाळीत उडवली. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्यामुळे कितीतरी मुलांचे डोळे जायबंदी झाले. या दोन्हींपुढे मला ठासणी बरी वाटते. तिच्यावर निदान कुणाचं तरी नाव असतं, नोंद असते.

पण मला खरी टोचणी वेगळीच आहे. रात्री वावरात जागतो कोण? बहुतेक घरी सालदार, नाहीतर भागीनं करणारा. त्याच्या हातात टॉर्च आणि वाजवायला डबा. लायसन्सवर त्याचं नाव नाही, म्हणून बंदूक त्याच्या हातात देता येत नाही. ती मालकाच्या घरी खुंटीवर. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार पडतो, पाहुण्यांना दाखवली जाते. आमच्याही घरी हेच झालं. मोठे बाबांचे गुडघे होते तोवर ते स्वतः मचाणावर जायचे. गेली पाच-सहा वर्षं जात नाहीत. तेव्हापासून ती बंदूक पिकाची राहिली नाही, घराण्याची झाली. लग्नात हवेत बार काढून मिरवणाऱ्यांपेक्षा बरं, एवढंच. तसल्या बारासाठी २०१९च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय, हेही जाता जाता ऐकून ठेवा.

तर सध्या घरात चर्चा आहे की लायसन्स माझ्या नावावर करायचं. २०१६च्या नियमांत सोय आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर तो हयात असतानाही वारसाला अर्ज करता येतो. मोठे बाबा दोन्हींत बसतात. सगळ्यांना वाटतं, याला नाद आहे, यालाच द्या. आणि खरं सांगतो, मला ती हवी आहे. तिच्या दस्त्यावर ज्या जागी त्यांचा गाल टेकायचा तिथलं लाकूड काळं, गुळगुळीत झालंय. असली वस्तू विकत मिळत नाही.

पण अर्जात कारण काय लिहू? 'पीक संरक्षण'? मी पुण्यात बसतो. कायद्यातला 'खऱ्याखुऱ्या' हा शब्द माझ्याच घशात अडकतो. चुलत भाऊ शेती करतो, कारण त्याचं खरं आहे, पण त्याला ठासणी नको, झटका मशीन हवी. उरतो तिसरा रस्ता. कलम ४५ प्रमाणे जुन्या पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार, जे दुरुस्त करूनही उडणार नाही, ते या कायद्याबाहेर राहतं. दोन्ही अटी हव्यात बरं का. नुसती आजोबांच्या काळची आहे म्हणून लायसन्स लागत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बार निघू शकतो तोवर ती बंदूकच.

म्हणजे ती कायमची निकामी करायची, जिल्हाधिकारी कार्यालयातून रीतसर लेखी घ्यायचं, मग खुंटीवर ठेवायची किंवा नागपूरच्या अजब बंगल्याला विचारायचं. तिथं हत्यारांचं दालन आहे. माझं मत या बाजूला झुकतंय. मी तसं मोठे बाबांना बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काहून बे, जितं जनावर मारून भितीवर टांगतं का कोणी?"

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. लायसन्सची मुदत संपायला काही महिने आहेत, तोवर ठरवावं लागेल. तुमच्या घरी अशी बंदूक असेल तर आजच कपाटातून ते पुस्तक काढा आणि शेवटच्या नूतनीकरणाची तारीख बघा. मुदत संपलेल्या कागदावर बंदूक घरात ठेवणं म्हणजे बिनपरवाना बाळगणं, मग ती पणजोबांची असो की आणखी कुणाची. आणि कुणी रीतसर निकामी करून घेतली असेल तर मला जरूर कळवा, कार्यालयात किती चकरा पडल्या तेही सांगा. भेटू पुढच्या भागात.