डिग्री पाहिजे, अट नको

(युवक शिबिरात ठरावावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ठराव वाचून झालाय. शाखेचा अध्यक्ष, चिटणीस आणि उद्या निवडणुकीला उभा राहणारा आपला उमेदवार पदवीधरच असावा. ठराव मांडणारे माझे दोस्त आहेत. त्यातले दोघे एम.ए. आहेत. त्यांच्या आयांनी लोकांची धुणीभांडी करून ती डिग्री घरात आणलीय, तिचा मला हेवा नाही, अभिमान आहे. पण ठरावाला माझा विरोध आहे. मी दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. गोदीत ठेक्यावर माल उतरवतो आणि कविता लिहितो. हा स्वतःच्या खुर्चीसाठी बोलतोय असं कोणी म्हणेल. म्हणू दे. माझी पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, मी कसला अध्यक्ष होतोय.

ठरावाच्या बाजूनं बाबासाहेबांचं नाव घेतलं गेलं. कोलंबियाचे पीएच.डी., लंडनचे डी.एस्सी., बॅरिस्टर. खरंय. मग पुढचंही वाचा की! सायमन कमिशनबरोबर काम करायला मुंबई प्रांताची समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद होते. बाकीच्यांशी पटलं नाही म्हणून त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला, 17 मे 1929 चा. त्यात त्यांनी प्रत्येक प्रौढ माणसासाठी मत मागितलं. मतदाराला अक्षरओळखीची अट घाला म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथंच उत्तर दिलंय. निरक्षर माणसाला अक्कल नसते हे चूक, आणि अक्षर आलं की अक्कल येतेच हेही चूक. ज्यांनी शाळा दिली नाही त्यांनीच नंतर शाळेचा दाखला मागायचा, हा तर वर अपमान. तोवर दोन डॉक्टरेट मिळवलेला माणूस हे लिहितोय. डिग्री काय देते आणि काय देत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आता कोणी म्हणेल, ते मताबद्दल होतं, पदाबद्दल नाही. ठीक. मग पदाचंच बघू. 2015 साली हरियाणा सरकारनं कायदा केला. पंचायतीला उभं राहायचं तर दहावी पास पाहिजे. बायकांना आणि अनुसूचित जातीच्या पुरुषांना आठवी. अनुसूचित जातीच्या बाईला पंच व्हायचं तर पाचवी. शिवाय घरात संडास पाहिजे, विजेचं बिल थकलेलं नको, सोसायटीचं कर्ज थकलेलं नको. बघा यादी कशी जमलीय! ज्याच्याकडं शाळा नाही त्याच्याकडंच संडास नाही आणि त्याचंच बिल थकलेलं. माणूस एकच, त्याला चार दारांनी बाहेर काढलाय. बायका सुप्रीम कोर्टात गेल्या. राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य, 10 डिसेंबर 2015 चा निकाल. कायदा योग्य ठरला. बरं-वाईट, खरं-खोटं ओळखायची ताकद माणसाला शिक्षणच देतं, असा निकालाचा सूर. म्हणजे माझ्या आजीला बरं-वाईट कळत नव्हतं! दुष्काळात सहा पोरं जगवली तिनं.

आणि गंमत अशी की खासदार-आमदार व्हायला शिक्षणाची कसलीच अट नाही. वरती अंगठा चालतो, गावात मात्र दाखला पाहिजे. का? कारण गावच्या पंचायतीत 1993 नंतर राखीव जागांमुळं आपली माणसं, आपल्या बाया शिरायला लागल्या होत्या. राजस्थाननं असाच नियम 2014 च्या डिसेंबरात वटहुकमानं आणला, सरकार बदललं तेव्हा 2019 साली तो मोडीत निघाला. आपल्या महाराष्ट्रातही 2017 साली थेट सरपंच निवडायची पद्धत आली तेव्हा 1995 नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट आली. सातवी काय, कोणीही होतं, असं तुम्ही म्हणाल. ऊसतोडीला आईबापामागं सहा महिने फिरणाऱ्या पोरीला विचारा.

पाकिस्तानचंही सांगतो, दोन वाक्यांत. मुशर्रफनं 2002 साली खासदारकीला बी.ए.ची अट घातली, 2008 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. मधल्या काळात कोणकोण खोटी सर्टिफिकिटं घेऊन सभागृहात बसले होते, त्याची लक्तरं नंतर बाहेर आली.

पण दुसऱ्याचं किती सांगू, आपल्याच घरातलं दुखणं आहे ते. बाबासाहेब 1956 ला गेले. 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि दोन-तीन वर्षांत फुटला. एका बाजूला दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातला माणूस, 1930 च्या काळाराम सत्याग्रहापासून बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभा. कॉलेजची डिग्री नाही. दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे आणि त्यांच्याभोवतीची शिकलेली, वकील मंडळी. त्यांनी आपल्या पक्षाला ‘दुरुस्त’ म्हटलं. म्हणजे उरलेला नादुरुस्त! भांडण नुसतं शिक्षणाचं नव्हतं. कम्युनिस्टांबरोबर जायचं की नाही, रस्त्यावर उतरायचं की कायद्याच्या चौकटीत राहायचं, हेही होतं. पण शिकलेले आणि अडाणी अशी रेघ त्यात ओढली गेली, आणि ती आपल्याच माणसांनी ओढली.

त्या डिग्री नसलेल्या दादासाहेबांनी 1959 साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. 6 डिसेंबर 1964 पासून पुन्हा केला, या वेळी देशभर. तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. पडीक जमीन आम्हाला द्या, एवढं साधं मागणं. वकील मंडळींना कलमं पाठ होती, पण भूमिहीन माणूस आपलं गाठोडं घेऊन तुरुंगाकडं कोणामागं निघाला? दादासाहेबांनी पुढं काँग्रेसशी हातमिळवणी केली, तिचा हिशेब वेगळा मागू, मागायलाच पाहिजे. पण तो हिशेब त्यांच्या राजकारणाचा मागायचा, डिग्रीचा नाही.

उलटा मोहही टाळा. डिग्री नसली की माणूस आपोआप आपला, असंही काही नाही. कामराज शाळा अर्धवट सोडलेले, मद्रासचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी गावोगाव शाळा काढल्या, शाळेत पोरांना दुपारचं जेवण दिलं. वसंतदादा पाटीलही शाळेपलीकडं शिकलेले नव्हते. त्यांच्याच सरकारनं 1983 साली विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि साखर कारखान्याच्या शेजारी डिग्रीचा कारखाना उभा राहिला. डोनेशन कोणाच्या बापाकडं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आता तीच डिग्री नेतेपणाची अट करायची?

ज्योतिबांनी 1882 सालीच हंटर कमिशनपुढं हे मांडलं होतं. सारा भरणार शेतकरी, आणि त्या पैशातून उच्च शिक्षण वरच्या जातींचं. त्यांचं मागणं होतं की पैसा आधी खालच्या शाळांवर खर्च करा. बिल आपण भरलं, डिग्री त्यांनी घेतली, आणि आता दारावर आपणच पहारेकरी होऊन बसायचं, आपल्याच लोकांना अडवायला.

गोदीतलं सांगतो. क्रेन चालवणाऱ्याकडं लायसन पाहिजेच. माझ्या डोक्यावर पंधरा टनांची स्टीलची कॉइल लटकत असते, लायसन आधी मीच मागीन. डॉक्टरला डिग्री पाहिजे, इंजिनिअरला पाहिजे. ते आपल्या वतीनं यंत्र चालवतात, औषध देतात, ते त्यांना येतं की नाही हे आपल्याला तपासता येत नाही, म्हणून विद्यापीठ तपासतं. पण आपल्या वतीनं बोलणारा माणूस कसा आहे हे आपल्यालाच तपासता येतं. पोलिसचौकीत तो कोणाच्या बाजूला उभा राहिला, वर्गणीचा हिशेब दिला का, बायकोला मारतो का. हे कुठल्या विद्यापीठाच्या पेपरात येतं? तो पेपर वस्ती तपासते. तुमचा ठराव वस्तीच्या हातातली ती लाल पेन्सिल काढून घेतो.

आमच्या वस्तीच्या पाणी कमिटीचा अध्यक्ष आधी एक बी.कॉम. होता. वाईट माणूस नव्हता. पण ऑफिसचं पत्र आलं की वाचायचा, घडी घालायचा, खिशात ठेवायचा. काय लिहिलंय, तर “बघतो मी.” मग एक मावशी अध्यक्ष झाल्या. त्यांना वाचता येत नाही. पत्र आलं की नळापाशी सगळ्यांना बोलावतात, एखाद्या पोराला उभं करतात आणि म्हणतात, वाच रे, मोठ्यानं. न समजलेला शब्द तीनदा विचारतात. आता आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं की लाइन कुठं अडलीय.

याचा अर्थ मावशींनी वाचायला शिकू नये असा नाही. अडाणीपणाचा गर्व करणारा पुढारी मला डोळ्यांपुढं नको. आपल्यात असे आहेत. “आपुन शिकलो नाय, पन अनुभव हाय” म्हणत पोरांना मोर्चात पळवतात आणि परीक्षेला बसू देत नाहीत. त्यांना सांगा की बाबासाहेबांनी 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला सिद्धार्थ कॉलेज काढलं. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरायचे, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. ती पोरं कोण होती? कारकून, मजूर, माझ्यासारखी. शिकणं हे काम करणाऱ्याच्या वेळेत बसवायचं असतं. ते दाराला लावायचं कुलूप नव्हे.

म्हणून माझी दुरुस्ती लिहून घ्या. एक, पदवीधरच असावा हे शब्द काढा. दोन, त्या जागी लिहा की शाखेत आलेलं प्रत्येक पत्र आणि पैशाचा हिशेब दर महिन्याच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवला जाईल. तीन, शाखेतल्या प्रत्येक पदवीधरानं आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासिका चालवायची. माझ्या पाळीचं जमलं तर पहिला विद्यार्थी मी. बारावीचा फॉर्म भरायचा राहिलाय.

आणि मतदान चिठ्ठीवर घेऊ नका. मागं बसलेल्या आयाबायांना आधी ठराव आणि दुरुस्ती दोन्ही पुन्हा वाचून दाखवा, मग हात वर करायला सांगा.