भुलाबाईची चाल संगणकाच्या कानी



भाद्रपद पौर्णिमेला वऱ्हाडात भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात भुलाबाई आणि भुलोजी. तिन्हीसांजा झाल्या की गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन या घरातून त्या घरात जातात. कोजागिरीपर्यंत महिनाभर गाणी चालतात, आणि गाणी संपली की झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायची. आता हे सगळ्याच घरांत होत नाही. पण दर्यापूर, अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूर या भागात ज्यांचं लहानपण गेलं, त्या बायकांना ही गाणी आजही तोंडपाठ आहेत.

आजचा माझा विषय आहे संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगीत यांतल्या संशोधनाच्या संधी. भुलाबाईपासून सुरुवात केली ती मुद्दाम. आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला या शास्त्रात स्वतःचं, दुसऱ्या कुणी न केलेलं काम करायचं असेल, तर त्याचं साहित्य त्याच्या आजीच्या गळ्यात आहे, असं मला मनापासून वाटतं.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगीत म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. मोबाइलवर दोन ओळी लिहायच्या आणि यंत्रानं गाणं तयार करून द्यायचं. पण या शास्त्राची दुसरी बाजू आहे, आणि विद्यापीठांतलं पुष्कळ काम त्या बाजूला चालतं. यंत्राला गायला नव्हे, ऐकायला शिकवायचं. दोन चालींचं नातं ओळखायचं, राग ओळखायचा, ठेका कुठे सुरू झाला ते सांगायचं. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद 2000 सालापासून भरते. इस्मिर हे तिचं नाव. 2022 च्या डिसेंबरात ती बंगळूरला भरली होती. तिथले शोधनिबंध इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात.

आता एक उदाहरण हॉलंडचं सांगतो, कारण ते रेडिओचंच आहे. 1957 साली तिकडच्या रेडिओवर लोकगीतांचा एक कार्यक्रम सुरू झाला. आते डोर्नबोस नावाचे गृहस्थ तो करत. ते एखादं जुनं गाणं ऐकवत. मग श्रोत्यांची पत्रं येत, की आमच्या गावी हेच गाणं वेगळ्या चालीत म्हणतात. डोर्नबोस ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन त्या गावी जात, म्हाताऱ्या माणसांसमोर बसत आणि ती चाल टिपून आणत. असं कितीतरी वर्षं चाललं आणि हजारो गाण्यांचा साठा झाला. पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेनं तो संगणकावर आणला. त्यातून निवडलेल्या 360 चाली जाणकारांनी 26 कुळांत लावल्या, म्हणजे कुठली चाल कुठल्या चालीची बहीण हे ठरवलं. मग संशोधकांनी यंत्राला विचारलं, तुला हे नातं ओळखता येतं का?

त्यासाठी त्यांनी वापरलेली एक पद्धत जीवशास्त्रात दोन जनुकीय साखळ्या जुळवायला वापरतात तीच होती. एक चाल वर, एक खाली. जिथे स्वर जुळतो तिथे गुण, जिथे एखादा स्वर जास्तीचा किंवा गळालेला तिथे वजाबाकी. या सगळ्या कामात एक फार सुंदर गोष्ट हाती लागली. जाणकार माणूस चाल ओळखतो ती तिच्या एकूण चढउतारापेक्षा दोन-चार स्वरांच्या ठरावीक तुकड्यांवरून. बाकीचं गाणं बदललं तरी तेवढा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो.

श्रोते हो, हीच पद्धत भुलाबाईला लावून पाहा. खानदेशात तिची गुलाबाई होते, पुण्याकडे नवरात्रात भोंडला, आणखी कुठे हादगा. कितीतरी गाण्यांचे शब्द सारखे, पण चाल? अकोल्याची चाल जळगावच्या चालीला जवळची की वर्ध्याच्या? कुठला तुकडा सगळीकडे टिकला आणि कुठे मोडला? शब्दांचे संग्रह पुष्कळांनी केले आहेत. चालींची अशी मोजून जुळवणी हे मोकळं रान आहे. आणि त्यात एक अशी गोष्ट आहे जी हॉलंडच्या संशोधकाला सुचणार नाही, पण वऱ्हाडातल्या कुठल्याही मुलीला सहज कळेल. गाणं बाईबरोबर माहेराहून येतं. अकोटला राहणारी सासू जी चाल म्हणते ती कदाचित जळगाव जामोदची असेल. म्हणून नकाशावर टिंब लावायचं ते तिच्या आजच्या गावावर नव्हे, माहेरच्या गावावर. आणि तिच्या आईचं माहेर कुठलं तेही विचारायचं. सोयरिकी कुठून कुठे होतात त्या वाटेनं चाली गेल्या का, हा पीएच. डी.चा विषय आहे. चांगला आहे.

हे प्रत्यक्ष कसं करायचं ते थोडं सांगतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठानं बनवलेली सॉनिक व्हिज्युअलायझर नावाची संगणक प्रणाली आहे, ती फुकट मिळते. तिच्यात एका आवाजातलं गाणं टाकलं आणि स्वर शोधणारी जोडप्रणाली लावली, की यंत्र सेकंदाचे शंभरेक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात आवाजाची कंपनं किती ते काढतं. पडद्यावर एक नागमोडी रेघ उमटते. त्या रेघेत मींड दिसते, खटका दिसतो, श्वास घेतला ती फट दिसते. पण प्रत्येक बाईचा सा वेगळा, म्हणून कंपनांचे आकडे थेट जुळवता येत नाहीत. आधी सा शोधायचा आणि मग सगळे स्वर सेंट या मापात मांडायचे. एका सप्तकाचे 1200 सेंट, म्हणजे एका अर्ध्या स्वराचे 100. इथे पहिली अडचण येते. भुलाबाईच्या गाण्याला ना तंबोरा, ना पेटी. आठ-दहा कडवी म्हणता म्हणता सगळ्यांचा स्वर हळूहळू सरकतो आणि शेवटच्या कडव्याचा सा पहिल्या कडव्याचा राहत नाही. शास्त्रीय संगीतासाठी बनवलेलं साधन गृहीत धरतं की सा स्थिर आहे. ते इथे चुकतं. आणि जिथे साधन चुकतं तिथेच संशोधकाचं काम सुरू होतं. दुसरी अडचण टिपऱ्यांची. त्या आवाजानं रेघ तुटते. म्हणून आधी एकटीचा आवाज, टिपऱ्यांशिवाय. मग सगळ्यांचा, टिपऱ्यांसकट. दोन्ही हवेत, कारण ताल त्या टिपऱ्यांतच आहे.

महाराष्ट्रात या वाटेवर माणसं चालून गेली आहेत. बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ. 1980 च्या दशकात जेम्स किपन या अभ्यासकाबरोबर त्यांनी बोल प्रोसेसर नावाची प्रणाली केली. किपन लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. यंत्राला तबल्यातल्या कायदा या रचनाप्रकाराचे नियम द्यायचे, यंत्रानं पलटे रचायचे, आणि उस्तादांनी सांगायचं की हा आमचा आणि हा नाही. नाही म्हटलं की नियम दुरुस्त करायचा. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी, एका छोट्या अ‍ॅपल संगणकावर हे चाललं होतं, आणि निवाडा उस्तादांच्या कानाचा होता. पुढे हेच बेल पुण्याला हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात आले. महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या होत्या. बेल यांनी त्यांची संगणकावरची रचना उभी केली आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण केलं. तो साठा आज इंटरनेटवर लोकांसाठी खुला होतो आहे. ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, हे तिथे गाण्याशी जोडून ठेवलेलं आहे. मला या कामाचा फार आदर वाटतो.

शास्त्रीय संगीताच्या बाजूला मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं काम करत आहेत. बार्सिलोनाच्या झेवियर सेरा यांनी 2011 साली कॉम्पम्युझिक नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला, त्यात हा गट सामील होता. त्या प्रकल्पातून हिंदुस्थानी संगीताचा जो संच तयार झाला त्यात 30 राग आहेत, प्रत्येक रागाची 10 ध्वनिमुद्रणं. त्यांच्यापुढचा एक प्रश्न गाणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, मग यंत्रानं ओळखायचं कसं? नुसते स्वर मोजून भागत नाही; कुठला स्वर किती वेळ धरला, कुठून कुठे गेला, हे पाहावं लागतं. पुण्यात प्राध्यापक हरी सहस्रबुद्धे यांनी त्याच्याही बऱ्याच आधी रागाचं संगणकीय विश्लेषण केलं होतं. संगणकशास्त्र त्यांचं, आणि घरात वीणाताई सहस्रबुद्ध्यांचं गाणं.

आणि कठीण परीक्षा घ्यायची असेल तर आपल्याच मातीतला आवाज आहे. वसंतराव देशपांडे 1920 साली मूर्तिजापूरला जन्मले. त्यांची तान यंत्राला देऊन पाहा. एका क्षणात ती सप्तकाच्या या टोकाहून त्या टोकाला जाते, यंत्र गोंधळतं आणि वरचा स्वर खाली किंवा खालचा वर दाखवतं. तो स्वर हातानं दुरुस्त करायला रागाची तालीम झालेला कान लागतो.

म्हणून माझं सांगणं असं. अमरावती विद्यापीठाच्या परिसरात संगीत शिकणारी मुलं आहेत, महाविद्यालयांत बी. ए.ला संगीत हा विषय आहे. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून आहे. बडनेरा, बाभुळगाव, शेगाव इथेही अभियांत्रिकीची मुलं संगणक शिकतात. दर वर्षी शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी विषय शोधत फिरतात आणि चेहरा ओळखणं, हजेरी घेणं असे वापरून झालेले विषय घेतात. त्यांच्यातल्या दोघांनी संगीताच्या दोघींना गाठावं. एकाला मशीन लर्निंग येतं, दुसरीला सा कुठे आहे ते येतं. दोघांचं मिळून जे होईल ते एकट्याच्यानं होणार नाही. पुढे जायचं तर संगीत आणि संगणकशास्त्र, दोन्ही विषयांत नेट ही पात्रता परीक्षा आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला 37 हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधन शिष्यवृत्त्या आहेत, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्याही आहेत. बाहेर जायचं असेल तर बार्सिलोना, लंडन, स्टॅनफर्ड, अटलांटा इथे या विषयाची केंद्रं आहेत. तिथे प्रवेश मागताना आपल्या नावावर दोनशे गाण्यांचा नीट नोंदलेला, जगात दुसरीकडे नसलेला संच असेल, तर त्या अर्जाचं वजन वेगळंच.

मेळघाटाबद्दल बोललो नाही तर विषय अर्धा राहील. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू माणसं फागुनात ढोल-बासरीवर नाचतात, गातात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. सरकारच्या भाषाविषयक संगणकीय योजना मुख्यतः संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांवर उभ्या आहेत. कोरकू त्यात नाही. तिची दूरची बहीण संथाळी मात्र आहे. संथाळीवर शिकलेलं यंत्र कोरकू गाण्यातले शब्द किती ओळखेल? हा प्रश्न एखाद्या कोरकू विद्यार्थ्यानं हाती घ्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. त्याला ती गाणी आतून माहीत आहेत, आणि कुठलं गाणं कधी गायचं नसतं हेही.

परवानगीचं तेवढं सांगतो. गाणाऱ्या माणसाचा आपल्या गाण्यावर हक्क असतो; आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क 50 वर्षांचा आहे. ध्वनिमुद्रण करण्याआधी सांगायचं की हे कशासाठी, कुठे ठेवणार, यंत्राला शिकवायला वापरणार का. गाणारी नाही म्हणाली तर यंत्र बंद करायचं. हो म्हणाली तर तिचं नाव संचात आणि शोधनिबंधात लिहायचं, आणि गाण्याची एक प्रत तिच्या घरी द्यायची.

भाद्रपद पौर्णिमा आली की मोबाइलवर ध्वनिमुद्रणाला आवाज दाबून छोटा न करणारा प्रकार निवडा. साधारण वेव्ह म्हणून तो असतो. पंखा बंद करा. गाणाऱ्या बाईपासून हातभर अंतरावर मोबाइल ठेवा. आधी तिलाच बोलू द्या: नाव, आजचं गाव, माहेरचं गाव, गाणं कुणाकडून शिकली, कोणत्या साली. मग एकटीनं पूर्ण गाणं, सगळी कडवी, एकही न गाळता. मग पोरींना बोलवा.