जलविहारांचे अवशेष



आमच्या जालना शहराला लागून मोती तलाव आहे. सायंकाळीं लोक तेथें फिरावयास जातात. शेजारच्या मोती बागेंत मुलें खेळतात. हा तलाव जमशेदखान नांवाच्या अधिकाऱ्यानें बांधविला. शहरांतील काळी मशीदही त्याचीच असून ती १५७८ सालची आहे. परंतु जमशेदखानानें केवळ तलाव बांधून हात झटकले नाहींत. तलावाचें पाणी गांवांतील हौदांपर्यंत नेण्यासाठीं त्यानें जमिनीखालून नळ घातले. आज आपण जी करमणुकीची जागा समजतों, ती मुळांत गांवाची तहान भागविण्याची सोय होती. करमणूक आणि तहान यांचें हें नातें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

त्यासाठीं आपण अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरास, जाऊं. शहराच्या आग्नेयेस फराहबाग नांवाचा निजामशाही महाल आहे. तळ्याच्या मधोमध उंच चौथरा, त्यावर दुमजली इमारत, चारी बाजूंना भव्य कमानी आणि मध्यभागीं घुमटाचा दिवाणखाना. सलाबतखानाच्या देखरेखीखालीं १५८३ सालीं तो पुरा झाला. उन्हाळ्यांतील तापलेला वारा तळ्याच्या पाण्यावरून येतांना निवावा आणि कमानींतून आंत शिरावा. आंतील ऊन हवा उंच घुमटाकडे चढून जावी, अशी ही योजना. पंखा नव्हता, वीज नव्हती. पण पाणी, सांवली आणि उंची यांचा हिशेब पक्का होता.

आज तेथें जाणारास नावेची गरज नाहीं. तळ्याच्या कोरड्या पात्रांतूनच पायवाटेनें महालाशीं पोंचतां येतें. गिलाव्यावरील नक्षी जागोजाग झडलेली दिसते. कमानींखालीं उभें राहून टाळी वाजविली तर घुमट तिला उत्तर देतो, एवढाच काय तो तेथील दरबार. ज्या मुर्तजा निजामशहाच्या काळांत हा महाल पुरा झाला, तो राजा एकांतवासांत रमला; राज्यकारभार इतरांच्या हातीं गेला. १५८८ सालीं त्याच्या पुत्रानेंच त्याचा घात केला आणि १६०० सालीं नगरचा किल्ला मोगलांनीं घेतला.

ही हकीकत ऐकून पुष्कळांस वैभवाच्या क्षणभंगुरतेची आठवण होते. तें खरेंच आहे. पण मला तेथें दुसराही एक धडा दिसतो. महाल कोणीं पाडला नाहीं. तो अजून उभा आहे. नाहींसें झालें तें पाणी. दुरून खापरी नळांनीं पाणी आणणें हें निजामशाही नगरचें वैशिष्ट्य होतें. असे नळ बांधून भागत नाहीं. त्यांतील गाळ काढावा लागतो, मुळ्या तोडाव्या लागतात, फुटलेलें खापर बदलावें लागतें. दरसाल हें करणारा माणूस हवा आणि त्याला वेतन देणारा धनी हवा. धनी गेला कीं माणूस जातो. माणूस गेला कीं पाणी जातें. आणि पाणी गेलें कीं जलमहाल ही माळावरची एक इमारत उरते.

विजापूरच्या पूर्वेस कुमटगी येथें आदिलशाहीचें असेंच विहारस्थान आहे. तेथें तलावाचें पाणी उंच हौदांत चढवीत आणि त्या उंचीच्या जोरावर कारंजीं उडवीत. भिंतींवर खेळांचीं चित्रें होतीं. तीं आतां पुसट झालीं आहेत. कारंजीं कोरडीं आहेत.

आतां जालन्याकडे पुनः पाहूं. नगरास महाल राहिला आणि पाणी गेलें. आमच्याकडे तलाव राहिला आणि त्याचे नळ निकामी झाले. शहर वाढलें. निजामी राजवटींत बांधलेला घाणेवाडीचा तलाव पुढें शहराचा आधार झाला. तोही गाळानें भरत गेला. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालनेकरांनीं टँकरपुढें घागरींच्या रांगा लावल्या. त्या सुमारास शहरांतील नागरिकांनीं पैसा उभा करून घाणेवाडीचा गाळ उपसण्याचें काम हातीं घेतलें आणि शेतकऱ्यांनीं तो गाळ आपल्या शेतांत नेला. माझ्या मतें जमशेदखानाच्या कामाचे खरे वारस तेच. त्यांनीं नवें कांहीं बांधलें नाहीं. जें होतें तें राखलें.

हल्लीं गांवोगांवीं पाण्यांतील करमणुकीचीं उद्यानें निघालीं आहेत. मुलांनीं पाण्यांत खेळूं नये असें कोणता शिक्षक म्हणेल? पण तिकीट काढतांना मुलांना एक प्रश्न विचारावयास शिकवावें: हें पाणी कोठून येतें, आणि तें येत राहावें म्हणून कोण झटतो? ज्या जागेला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, ती आज कितीही गजबजलेली असो, फराहबागेच्या वाटेवर आहे असें समजावें.

आपल्या गांवांतही एखादी बारव, एखादा हौद, एखादा बुजलेला नळ असेल. येत्या सुटींत मुलांना घेऊन तो शोधावा. त्याचें पाणी कोणत्या दिशेनें येत होतें तें वृद्धांना विचारावें आणि वहींत टिपून ठेवावें. त्या वहीची दुरुस्तीच्या दिवशीं गरज लागेल.