गोचिडाच्या पोटांतील सामना

हिंगोली-कळमनुरीकडील गोठ्यांत गाईच्या कानामागें, कासेपाशीं चिकटलेला गोचीड कोणाच्या परिचयाचा नाहीं? शेतकरी तो उपटून फेकतो आणि कामाला लागतो. सह्याद्रीच्या रानांतील त्याचा एक भाऊबंद मात्र माणसाच्या जिवावर उठतो. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूर अरण्यांत माकडें मरून पडूं लागलीं. पाठोपाठ माणसें तापानें फणफणलीं. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील संशोधकांनीं या तापाचा विषाणु हुडकून काढला. गोचिडाच्या चाव्यावाटे तो अंगांत शिरतो. २०१६ सालीं हाच ‘माकडताप’ सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत येऊन ठेपला.

रशियांतील एका गोचीडजन्य मेंदुज्वराचा विषाणु क्यासनूरच्या विषाणूचा नात्यांतला. म्हणून त्या ज्वरावरील लस प्रारंभीं शिमोग्याकडील लोकांना टोचून पाहण्यांत आली. तिनें संरक्षण दिलें नाहीं. चुलत घराण्याची किल्ली आपल्या कुलुपाला लागतेच असें नाहीं!

हें कुलूप म्हणजे प्रथिन. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ. ती घड्या घेऊन विशिष्ट आकार धारण करते, आणि रक्तांतील प्रतिपिंड त्या आकाराच्या एखाद्या कोपऱ्यालाच मिठी घालतात. आकार बदलला कीं मिठी सुटली. पुढें क्यासनूरच्याच विषाणूस फॉर्मॅलिननें मारून केलेली लस कर्नाटकांत १९९० पासून वापरांत आली. २००५ ते २०१० या काळांतील पाहणींत दोन मात्रांनीं सुमारें ६२ टक्के, आणि वर्धक मात्रेनंतर ८३ टक्के संरक्षण आढळलें. पण फॉर्मॅलिन विषाणूला मारतें तें त्याच्या प्रथिनांना गांठी मारून. गांठी अति झाल्या तर ओळखावयाचा चेहराच बिघडतो. अपुऱ्या गुणामुळें ही लस २०२२ सालीं बंद झाली.

आकाराचें महत्त्व अधिक स्पष्ट झालें तें अमेरिकेंतील लाइम रोगांत. तोही गोचिडाच्याच चाव्यानें होतो. कर्ता मात्र विषाणु नसून जीवाणु आहे. गोचिडाच्या आंतड्यांत असतां हा जीवाणु ‘ओस्प-ए’ नांवाचें प्रथिन पांघरतो. माणसाकडे निघतांना तें टाकून ‘ओस्प-सी’ चढवितो. घरांत एक अंगरखा, बाहेर दुसरा! तेव्हां पहिल्या अंगरख्यावरची लस माणसाच्या अंगांत काय कामाची, असें वाटेल. खुबी अशी, कीं लस घेतलेल्याचें रक्त पितांना गोचीड त्यांतील प्रतिपिंडही पितो, आणि जीवाणु तेथेंच, गोचिडाच्या पोटांत मरतो. त्यांतही ओस्प-एचें एक टोंक जीवाणूच्या कवचांत रुतलेलें असतें. बाहेरच्या टोंकावर बसणारे प्रतिपिंडच खरे उपयोगी. १९९८ सालीं अमेरिकेंत मान्य झालेल्या लसीनें तीन मात्रांनंतर सुमारें ७६ टक्के रक्षण केलें. तरी खप घटून ती २००२ मध्यें बाजारांतून गेली. युरोपांत या प्रथिनाचे अनेक प्रकार आढळतात. म्हणून नव्या लसींत सहा प्रकारांचीं तीं बाहेरचीं टोंकें एकत्र घेतलीं आहेत.

दोडामार्गच्या काजूबागांत शिरणाऱ्यांना मात्र आज अंगाला चोळावयाच्या तेलावर आणि अंगभर कपड्यांवरच भिस्त ठेवावी लागते.